आधी फिरवतात, मग ठेवतात

२८ जून, शुक्रवार

दवाखान्यातली नर्स म्हणाली, "क्लॅरी, डोक्यात घोळवत बसण्यापेक्षा लिहून काढत जा. झोप येईल." म्हणून ही वही. मी चौदाव्या वर्षी शाळा सोडून डेअरीत लोण्याच्या खात्यात लागलो, त्यामुळे लिहिणं अंगवळणी पडलेलं नाही. पण काळजी करण्यात माझा हात कोणी धरणार नाही, तेव्हा मजकुराला तोटा पडू नये.

उद्या निघायचं. माझी मुलगी नरेल, जावई वॉरिक, चौदा वर्षांची नात टेगन आणि मी. गाडीमागे कॅरॅव्हॅन जोडून थेट वाळवंटात, हॅलोरन्स वेलला. तिथे ओपल नावाचं रत्न निघतं आणि उन्हाच्या भीतीने लोक जमिनीत घरं कोरून राहतात. टेगनला शाळेची सुट्टी आहे, हे कारण. "बाबा, तुम्ही पण चला," असं नरेल तीनदा म्हणाली. एकदा म्हणाली असती तर मी खूश झालो असतो. तीनदा म्हणाली म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

आमच्या गल्लीतल्या केन प्रिटीला त्याच्या मुलांनी मागच्या वर्षी बोटीने न्यूझीलंड दाखवून आणलं. परत आला तो सरळ वृद्धाश्रमात. आधी फिरवतात, मग ठेवतात.

मंगळवारी नरेल माझ्या स्वयंपाकघरात फोनवर बोलत होती. "आत्ता नाही सांगायचं. शेवटची ट्रिप तरी एकत्र नीट होऊ दे. आल्यावर सांगू. वकिलाकडे कागद तयार आहेत." मी दारात दिसल्यावर ती घाईने किटलीत पाणी भरायला लागली. किटली भरलेलीच होती.

गॅस बंद केला आहे. पुन्हा एकदा बघून येतो.

२९ जून, शनिवार

मिल्ड्युरापर्यंत आलो. मला पुढे, वॉरिकच्या शेजारी बसवलं आहे. मागे बसलं की मला मळमळतं हे खरं, पण नरेलने आपली जागा इतक्या चटकन सोडली की मला ते खटकलं. निरोप द्यायच्या माणसाला आधी मान देतात.

वॉरिकने मला कामही दिलंय. "क्लॅरी, रेडिओ तुमच्याकडे. चॅनेल अठरा. रस्त्यावरचे सगळे कॅरॅव्हॅनवाले त्यावर बोलतात. पुढे गुरं आलीत, रुंद ट्रक येतोय, असं काही कानावर पडलं की मला सांगायचं."

"आणि मला बोलायचं असलं तर?"

"माईकच्या बाजूचं बटण दाबायचं. दाबलंत की जग तुम्हाला ऐकतं, सोडलंत की तुम्ही जगाला ऐकता."

"बोलू नका हो बाबा, ऐका फक्त," नरेल मागून म्हणाली.

दिवसभर ऐकलं. एका बाईला तिच्या पिठात किडे सापडले. गुरं कुठे दिसली नाहीत. वॉरिकला दर वळणावर आठवण करून द्यावी लागली की मागे कॅरॅव्हॅन आहे.

३० जून, रविवार

राज्याच्या सीमेवर फळं पुढे नेऊ देत नाहीत, फळमाशीच्या भीतीने. मला माहीत होतं, तरी माझ्या झाडाची संत्री मी पिशवीभर घेतली होती. झाडावर सोडून आलो असतो तर रात्री झाडांवर चढणारे पोसम खाऊन गेले असते. तपासणी नाक्याच्या अलीकडे गाडी उभी करून, रस्त्याकडेला खुर्च्या मांडून, चौघांनी ती संपवायला घेतली. आमच्या पुढे एक कुटुंब टोमॅटो खात बसलं होतं. मीठही लावत होते.

वॉरिक संत्रं सोलून, समोर न बघता, अर्धं नरेलपुढे धरत होता. तीही न बघता घेत होती. दोन-तीनदा असं झालं. मग दोघांच्याही ते लक्षात आलं असावं. कारण तिने हातातलं अर्धं मला दिलं आणि उठून गाडीची काच पुसायला लागली. मला आंबट सोसत नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे.

काल मिल्ड्युराच्या मुक्कामाला वॉरिक बाहेर कॅनव्हासच्या बिछान्यावर झोपला. पाठीला कडक जमीन बरी पडते म्हणाला. आज सकाळी बिछान्यावर दहिवर गोठलं होतं, जून म्हणजे इकडे ऐन हिवाळा. त्याला न्यूमोनिया झाला तर कॅरॅव्हॅन कोण ओढणार? नरेलला उलटी गाडी घेता येत नाही आणि मला सुलटी घ्यायला डॉक्टर देत नाही.

१ जुलै, सोमवार

पोर्ट ऑगस्टा मागे पडल्यावर रस्ता सरळ आणि मोकळा. माईक मांडीवरून सारखा घसरत होता. दाराच्या फटीत पडून तुटला तर पुन्हा माझ्यावरच येईल, म्हणून मी तो मांडीखाली घट्ट दाबून ठेवला. तेव्हापासून रेडिओ एकदम गप्प. या भागात लोकांना बोलायला काही नसतंच.

मी डोळे मिटून घेतले. झोपलो नव्हतो. म्हातारा झोपला असं वाटलं की माणसं खरं बोलतात. टेगनच्या कानात नेहमीप्रमाणे तिची गाणी होती.

"घर तू ठेव," वॉरिक म्हणाला. "मला गॅरेजवरची खोली पुरे."

"वीस वर्षं तू गॅरेजातच होतास. फरक काय पडणार?"

"आणि तू कुठे होतीस? जेवायच्या टेबलावर बसून ऑफिसचे फोन. मी एकदा मीठ मागितलं तर 'लाइनवर थांबा' म्हणालीस."

"माझ्या चाळिसाव्या वाढदिवसाला तू मला प्रेशर वॉशर दिलास, वॉरिक!"

"तुलाच हवा होता!"

"मला अंगण स्वच्छ हवं होतं. प्रेशर वॉशर नको होता."

मग नरेल हळू आवाजात म्हणाली, "बाबांना कसं सांगायचं? काळजीनेच मरतील ते."

"नाही मरत. आपण दोघांनी मिळून सांगू."

म्हणजे वृद्धाश्रमाआधी मला काही दिवस गॅरेजवरच्या खोलीत ठेवायचा विचार दिसतो. त्याला जिना आहे, आणि जिन्याला कठडा नाही. प्रेशर वॉशरचा या सगळ्याशी काय संबंध ते कळलं नाही.

पेट्रोल पंपावर तिघं खाली उतरली तेव्हा माझ्या पायाला गोळा आला, म्हणून मांडी उचलली. लगेच रेडिओतून एक माणूस खिदळत म्हणाला, "...कुणाच्यातरी बुडाखाली माईक आहे हो! बटण दाबलं गेलंय! सगळा रस्ता ऐकतोय!" आणि एका बाईचा आवाज आला, "गप रे आयव्हर. ती वॉशरचं काय म्हणत होती, ते पुढे ऐकू दे."

काही लोकांना सार्वजनिक ठिकाणी कसं बोलावं याचा पोच नसतो. त्यात ना गुरं, ना ट्रक, तेव्हा वॉरिकला सांगण्यासारखं काही नव्हतं. माईक पुन्हा जपून मांडीखाली ठेवला.

२ जुलै, मंगळवार

हॅलोरन्स वेल. लाल जमिनीवर पांढऱ्या मातीचे ढीग, मुंगळ्यांनी वारूळ उपसावं तसे. माणसं जमिनीखाली. वर दिसतात ते हवेसाठी काढलेले पाइप आणि पाट्या: 'खड्डे उघडे आहेत, फोटो काढताना मागे मागे जाऊ नका.' मी टेगनला सांगितलं, फोटोच काढू नकोस.

कॅरॅव्हॅनच्या तळावर नवा माणूस आला की सगळे खुर्च्या टाकून बसतात आणि तो गाडी उलटी कशी लावतो ते बघतात. नवराबायकोचं भांडण ऐकायला मिळतं, फुकटची करमणूक. आम्हीही आजवर कितीतरी जणांची अशी मजा बघितली आहे. पण आज अजबच झालं. आमची गाडी वळताना दिसली आणि लोकांनी आपापल्या खुर्च्या दुसरीकडे फिरवल्या. एक दाढीवाला जाडा माणूस उठून आला आणि एक शब्द न बोलता, नुसत्या हाताने, वॉरिकला मागे घेत गेला. नरेलला मध्ये बोलायची वेळच येऊ दिली नाही.

"आयव्हर," त्याने हात पुढे करून नाव सांगितलं, आणि वॉरिकचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. हे नाव मी अलीकडेच कुठेतरी ऐकलंय.

तळाची मालकीण झोर्का. सत्तरीची असेल, सर्बियातून नवऱ्याबरोबर ओपल खणायला आली, नवरा गेला, ती राहिली. तिने आम्हाला खालून वर न्याहाळलं.

"तुम्ही ते," ती म्हणाली.

"ते म्हणजे?" नरेलने विचारलं.

"ते. मुलगी आणि म्हातारा कॅरॅव्हॅनमध्ये झोपतील. तुम्ही दोघं खाली, माझ्या कोरीव खोलीत. पैसे नकोत."

"पण आम्हाला खोली नकोय."

"मी विचारलं नाही तुला."

"दोन पलंग आहेत का?" वॉरिकने विचारलं.

"एक. पण भिंती भरपूर जाड. खाली घसा फोडून भांडा, वर कोणाला ऐकू येणार नाही. वर फार ऐकू येतं."

एवढं सौजन्य कोणी उगाच दाखवत नाही. मला वाटतं नरेलने आधीच फोन करून ठेवला असावा, की वडिलांसमोर बोलता येत नाही, तेव्हा बोलायला एक जागा हवी.

३ जुलै, बुधवार

आयव्हरच्या बायकोने, डेल्माने, मटण-बटाट्याचं भलंमोठं भांडं आणून दिलं. आमच्याकडे असं जेवण मयताच्या घरी पाठवतात. तिने नरेलला मिठी मारली. नरेल तिला ओळखतही नव्हती, खांबासारखी उभी राहिली. मग डेल्मा माझ्याजवळ खुर्ची ओढून बसली.

"या वयात हे बघायचं म्हणजे तुम्हाला किती त्रास होत असेल," ती म्हणाली.

म्हणजे हिलाही ठाऊक आहे! "होतो ना," मी म्हणालो. "पण पोरांनी एकदा ठरवलं की ठरवलं."

"तुम्ही बोलत का नाही त्यांच्याशी?"

"माझं कोण ऐकतं?"

तिला एकाएकी जोराचा ठसका लागला. पाणी प्यायली तेव्हा कुठे थांबला.

तिकडे आयव्हर वॉरिकला टायर बघायच्या निमित्ताने बाजूला घेऊन गेला. टायरमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं, हवा मी सकाळीच तपासली होती. मी कॅरॅव्हॅनच्या या बाजूला पाण्याची नळी गुंडाळत होतो.

"कागद मी पण केले होते रे," आयव्हर सांगत होता. "सही करायच्या दिवशी माझ्या गाडीची बॅटरी उतरली. वकिलाकडे सोडायला डेल्मालाच यावं लागलं. वाटेत आईस्क्रीम खायला थांबलो. तीस वर्षं झाली. वकील अजून वाट बघतोय."

वॉरिक हसला नाही. "आमचं आईस्क्रीमच्या पलीकडे गेलंय, आयव्हर. पण तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

"वाळवंट आहे बाबा. वारा घेऊन येतो."

म्हणजे आयव्हरही आपल्या बापाला ठेवायला निघाला होता, आणि एका बॅटरीने म्हातारा वाचला. वॉरिकच्या गाडीत बॅटरी कोरी करकरीत आहे. निघण्यापूर्वी बसवून घ्या म्हणून मीच मागे लागलो होतो.

४ जुलै, गुरुवार

आज मातीच्या ढिगावर ओपल शोधायला गेलो. खाणवाल्यांच्या नजरेतून सुटलेले तुकडे तिथे सापडतात म्हणे. एक चाळण दोघांना धरावी लागते, एका टोकाला वॉरिक, दुसऱ्याला नरेल. ती डावीकडे हलवायची तेव्हा तो उजवीकडे. अर्धी माती एकमेकांच्या बुटात. मी गाडीजवळून ओरडून सांगत होतो की मागे खड्डा आहे. खड्डा बराच लांब होता, पण माणूस बेसावध असतो.

टेगन माझ्या शेजारी येऊन बसली. कानातली गाणी काढून ठेवली होती. तसं ती सहसा करत नाही.

"आजोबा, माणसं सोडून जायचं ठरवतात ना, तेव्हा आधी इतकी चांगली का वागतात? सुट्टी काय, ट्रिप काय. 'तुला काय खायचंय टेगन' काय."

तर पोरीलाही सुगावा लागला होता. "मनाला टोचत असतं," मी म्हणालो. "तू जिवाला लावून घेऊ नकोस. एकदम काही तुटत नाही. दर रविवारी भेटता येतं."

"रविवारी?"

"शनिवारीही येऊ देतात कुठे कुठे."

यावर ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. माझा शर्ट ओला झाला. तिचा माझ्यावर एवढा जीव असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. नाताळात नुसतं "हाय" म्हणते.

माझं काय व्हायचं ते होवो. पण पोरीला असं रडवायचं नाही. माझी बायको बेरिल आज असती तर म्हणाली असती, "क्लॅरी, आयुष्यभर नुसता कुढत आलास, एकदा तरी तोंड उघड." बेरिल माझ्याबद्दल फारसं चांगलं बोलत नसे, पण चूकही बोलत नसे.

उद्या बोलणार. चारचौघांसमोर, म्हणजे कोणाला आवाज चढवता येणार नाही.

५ जुलै, शुक्रवार

झालं ते झालं तसं लिहितो.

ऊन उतरलं की तळावर खुर्च्यांचं गोल कडं जमतं. प्रत्येकाने आपली बियर आणि खायचं काहीतरी आणायचं. आज वीसेक जण असतील. आयव्हर, डेल्मा, झोर्का, सगळे. नरेल कड्याच्या एका टोकाला, वॉरिक समोरच्या टोकाला. मी उठून उभा राहिलो.

"मला सगळं ठाऊक आहे," मी म्हणालो. "वकील, कागद, गॅरेजवरची खोली. मी भांडणार नाही. मी वृद्धाश्रमात माझ्या पायांनी चालत जाईन. फक्त या पोरीला रडवू नका."

"वृद्धाश्रम?" नरेल म्हणाली. "बाबा, कुठला वृद्धाश्रम?"

"अगं बाई," डेल्मा म्हणाली आणि तिने हाताने तोंड झाकलं.

वॉरिक अर्धवट उठला. "क्लॅरी, तुम्हाला कोणी कुठेही ठेवत नाहीये."

"मग वकील कशाला?"

नरेलने वॉरिककडे बघितलं. वॉरिक आपल्या बुटांकडे बघत होता. कुठेतरी कोणीतरी बटाट्याचे वेफर्स चावायचा मध्येच थांबला. मग टेगन उठली, हाताची घडी घालून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"सांगा ना," ती म्हणाली. "आजोबा विचारतायत. वकील कशाला?"

नरेलचा चेहरा असा झाला की मला वाटलं हिला चक्कर येणार. तिने माझ्याकडे बघितलं, टेगनकडे बघितलं, आणि म्हणाली, "तुम्ही... तुम्ही आमच्याकडे राहायला यावं म्हणून."

"घराचे कागद," वॉरिक लगेच म्हणाला. "मागची भिंत पाडायची. खोली वाढवायची. त्याला परवानगी लागते."

"गॅरेजवर?"

"छे छे. खाली. तुम्हाला जिना नको."

"आमच्याकडे म्हणजे कोणाकडे?" टेगनने विचारलं. वकिलीण होईल ही पोरगी.

"आमच्याकडे," नरेल म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे आमच्याकडे!" दोघं एकदम म्हणाली, आणि दोघंही एकमेकांकडे दचकून बघायला लागली.

झोर्का उठली. "मी ऐकलं," तिने जाहीर केलं. "सगळ्यांनी ऐकलं. वीस साक्षीदार." लोकांनी टाळ्या वाजवल्या. डेल्मा तर रडत होती. इतक्या परक्या माणसांना माझ्या राहण्याची एवढी पडलेली असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"सोडू नकोस गं त्याला," एक म्हातारी नरेलला म्हणाली. "माझ्या नवऱ्याने मला शिडी दिली होती वाढदिवसाला."

नरेल तिच्याकडे वळली. "तुम्हाला... वाढदिवसाचं कसं कळलं?"

सगळे आपापल्या बियरमध्ये बघायला लागले. झोर्काच तेवढी बोलली. "पोर्ट ऑगस्टापासून पुढचा सगळा रस्ता तुमचंच ऐकत आलाय. पुढच्या वेळी आधी म्हाताऱ्याच्या बुडाखालचा माईक काढा."

वॉरिक तडक गाडीकडे गेला. माझ्या सीटवरून माईक उचलला, बटण बघितलं, बटणाला चिकटलेला माझ्या पॅंटचा दोरा बघितला. मग गाडीच्या चाकाला टेकून खाली बसला आणि हसत सुटला. नरेल पळत गेली, आधी त्याला टोपीने मारलं, "ते सगळं ऐकलं? मिठाचं पण?" असं ओरडली, आणि मग तीही त्याच्या शेजारी धुळीतच बसली. हसत होती की रडत होती, सांगता येत नाही. दोघं डोकं वर काढायला तयार नव्हती. लाजेने म्हणे.

यात हसण्यासारखं काय होतं? माईक जागच्या जागी होता, साधा ओरखडाही नव्हता. मी तो जपला होता. दोघांपैकी एकानेही आभार मानले नाहीत.

६ जुलै, शनिवार

सकाळी खुर्ची घेऊन उन्हात बसलो. ज्या पाइपाशेजारी बसलो तो त्यांच्या कोरीव खोलीचा निघाला. झोर्काच्या भिंती जाड असतील, पण पाइप पोकळ आहे.

"'आमच्याकडे' तू म्हणालीस आधी!"

"आणि भिंत कोणी पाडली? कुठली भिंत, वॉरिक? मागे भिंतीला लागून गटार आहे!"

"माझ्या तोंडून निघून गेलं. त्यांचा चेहरा बघितलास ना तू? आणि टेगनचा?"

मग नरेल म्हणाली, "आता परत जाऊन लगेच सांगता येणार नाही. खोली होईपर्यंत थांबू."

"खोली होईपर्यंत. मग बघू."

"मग बघू."

मग कोणाचा तरी पाय कशाला तरी लागला, वॉरिक काहीतरी पुटपुटला, आणि ती हसली. लहानपणी हसायची तशी, नाकातून. त्यानंतर काहीच ऐकू येईना. इतकं शांत झालं की मला काळजी वाटली. मी पाइपावर थाप मारून विचारलं, "हवा येतेय ना खाली?"

"येतेय, बाबा!" दोघं एकदम ओरडली.

मला आनंद व्हायला हवा. पण 'खोली झाली की मग बघू' म्हणजे काय? चारचौघांत दिलेला शब्द मोडता येत नाही म्हणून आत्ता गप्प बसायचं, आणि खोली झाली की पुन्हा वृद्धाश्रमाचा विषय काढायचा. मी काही इतका भोळा नाही.

१४ जुलै, रविवार

घरी. गॅस बंदच होता. केन प्रिटीला भेटून आलो. तिथे त्याला रोज पुडिंग मिळतं म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

३ ऑगस्ट, शनिवार

नरेलकडे कामाला जोर चढलाय. वॉरिक भिंत फोडतो, नरेल ढिगारा ढकलगाडीतून बाहेर नेते. गटार सरकवावं लागलं. त्यावरून दोघं इतकी भांडली की शेजारी कुंपणापाशी आले. मग प्रेशर वॉशरने सगळं अंगण धुतलं, तोही दोघांनी मिळून धरला होता. वॉरिक आता बाहेर बिछाना टाकत नाही. थंडी आहे म्हणून असेल.

टेगनने माझ्या पलंगाचं माप घेतलं. म्हणाली, "आजोबा, खिडकी कुठे हवी?"

"उत्तरेला. आपल्याकडे ऊन तिकडूनच येतं," मी सांगितलं.

२४ ऑगस्ट, शनिवार

आज खोली जवळजवळ झालेली बघितली. उत्तरेची खिडकी झाली, फरशी झाली, नुसता रंग राहिलाय. वॉरिक म्हणाला, "पुढच्या आठवड्यात तुम्ही आत." नरेल शिडीवर उभी होती. तिने खिडकीकडे तोंड फिरवलं, आणि वॉरिकही तिच्याकडे न बघता ब्रश धूत राहिला. दोघांचे चेहरे एकदम उतरले. पुढे काय ठेवलंय ते त्यांनाही आठवलं असणार.

मी सगळी खोली नीट फिरून बघितली. एकही वाईट गोष्ट सापडेना. मग दारात उभा राहिलो.

"दार चुकीच्या बाजूला उघडतंय," मी म्हणालो.

"काय?"

"रात्री उठलो तर कपाळावर आपटेल. दार पलीकडच्या भिंतीत हवं."

"पलीकडच्या भिंतीत!" वॉरिक म्हणाला. "म्हणजे तीही फोडायची?"

"आणि ही बुजवायची," नरेल म्हणाली.

मला वाटलं आता दोघं माझ्यावर तुटून पडणार. पण नरेल शिडीवरून उतरली, वॉरिकने पेन्सिल काढली, आणि दोघं भिंतीपाशी डोक्याला डोकं लावून मापं घ्यायला लागली. तक्रार करत होती, पण पेन्सिल एकमेकांच्या हातातून ओढून घेत होती. वॉरिक तर शीळ घालत होता.

दाराला नाताळ उजाडेल असा माझा अंदाज आहे. त्यानंतर फरशी फार गुळगुळीत आहे असं म्हणायचं ठरवलंय. सध्या तरी मला कोणी कुठे ठेवू शकत नाही.